इसार देण्याआधी: विदर्भात जमीन घेताना वकील, मोजणी आणि इंजिनिअर

वर्धा जिल्ह्यात गोदामे आणि ले-आउट यांसाठी जमीन घेण्याच्या कामात मी बरीच वर्षे आहे. समृद्धी महामार्ग झाल्यापासून या धंद्यात नव्याने उतरणारे अनेक तरुण माझ्याकडे येतात, आणि मी त्यांना आग्रहाने सांगतो की तज्ज्ञ इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देण्याआधी बोलवा, कारण पैसे अडकल्यावर त्यांच्या सल्ल्याचा उपयोग वाद निस्तरण्यापुरताच उरतो.

वकिलापुढे नुसता सातबारा ठेवून ‘कागद बघून द्या’ म्हणू नये. प्रश्न लेखी द्यावेत. जमीन भोगवटादार वर्ग 1 (मालकाला मोकळेपणी विकता येणारी) आहे की वर्ग 2 (परवानगीवाचून विकता न येणारी)? आपल्याकडे भूदानात मिळालेल्या आणि शासनाने वाटलेल्या जमिनी पुष्कळ असून त्यांच्या विक्रीवर निर्बंध असतात. खातेदार आदिवासी असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ नुसार बिगरआदिवासीला ती मंजुरीवाचून घेता येत नाही. आपण स्वतः शेतकरी नसू, तर विदर्भासाठीच्या 1958 च्या कुळकायद्याचे कलम 89 आडवे येते. वडिलोपार्जित जमिनीत लेकींचा हिस्सा 2005 पासून मुलांच्या बरोबरीचा आहे, तरी वारसांच्या फेरफारात, म्हणजे सातबाऱ्यावर त्यांची नावे चढवण्याच्या नोंदीत, लग्न झालेल्या बहिणींची नावे अनेकदा वगळलेली सापडतात. तो फेरफार वकिलाकडून अवश्य वाचून घ्यावा.

सरकारी मोजणीच्या दिवशी स्वतः धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) उभे राहावे आणि गावातला एखादा जाणता म्हातारा सोबत न्यावा. नकाशावर दिसणारी पांधण, म्हणजे शेतात जाणारी वाट, प्रत्यक्षात कुणीतरी नांगरून टाकलेली असते, आणि ती कुठून जात होती हे त्यालाच ठाऊक असते.

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते इंजिनिअरकडे, कारण तो बांधकामाच्या वेळी लागतो असा समज आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला की भिंती तडकतात. चांगला इंजिनिअर शेतात दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहतो आणि माती प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे चाळलेली 10 ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये टाकून दिवसभर ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्ही नळ्यांतील फरकावरून तिचा फुगवटा कळतो. तो जास्त असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो किंवा खाली फुगीर बुंध्याचे पाइल (जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात. हा खर्च एकरी भावातून वजा करून बोलणी करावी. माझ्या मते मातीचा अहवाल हे भाव ठरवण्याचेच साधन आहे, आणि शेतमालकालाही तो दाखवावा, म्हणजे भाव का उतरवतो आहोत हे त्याला पटते.

वकील, मोजणीदार आणि इंजिनिअर या तिघांची गाठ शेतावरच घालून द्यावी. वकिलाने कागदावर शोधलेला रस्ता दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमध्ये किती रुंद उरला आहे आणि त्यावरून मालाचा ट्रक वळेल का, हे इंजिनिअर जागेवर टेप लावून सांगू शकतो; वेगवेगळ्या दिवशी आले तर हा प्रश्न कुणाच्याच वाट्याला येत नाही. वकिलाची आणि इंजिनिअरची फी आधी ठरवून आपण स्वतः द्यावी, दलालामार्फत देऊ नये, आणि प्रत्येकाकडून गट क्रमांक व तारखेसह सहीचा अहवाल घ्यावा. तिन्ही अहवाल हातात आल्यावरच इसारपत्राचा मसुदा करायला सांगावा.