पिल्लाला न मारता शिकवायचं कसं

पिल्लू घरी आलं की पहिल्याच आठवड्यात सल्ले देणारे जमतात. शू केली तिथे नाक घासा, पेपराची गुंडाळी करून एक ठेवून द्या, "थापट घाल रे ताका, मगच आयकता" वगैरे. सांगणाऱ्यांचा स्वतःचा कुत्रा बघा एकदा. बहुतेक वेळा दारात साखळीला असतो आणि कोणी केस सारखे करायला हात वर केला तरी अंग चोरतो, आणि ह्याला म्हणे शिस्त.

मारल्याने होतं काय तर पिल्लाने हॉलमध्ये शू केली, तुम्हाला दहा मिनिटांनी दिसली, तुम्ही ओरडलात किंवा चापट दिली, तोवर ते बिचारं आपण काय केलं ते विसरूनही गेलेलं असतं. त्याच्या डोक्यात एवढंच बसतं की जमिनीवर ओलं आहे आणि हा माणूस समोर आहे म्हणजे आता आपलं काही खरं नाही. मग ते शू करणं सोडत नाही, सोफ्यामागे जाऊन करायला लागतं. "पण त्याला कळतं हो, तोंड कसं पाडतो बघा" असं लोक म्हणतात, तर त्यावर अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या संशोधक बाईंनी 2009 मध्ये प्रयोग छापलाय, कुत्र्याने आगळीक केली असो वा नसो, मालक रागावला की तो ओशाळा चेहरा दिसतोच. म्हणजे तो आपल्या रागाला दिलेला प्रतिसाद, गुन्ह्याची कबुली नाही. 2020 मध्ये पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात वेगवेगळ्या ट्रेनिंग स्कूलमधल्या 92 कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यातही शिक्षा देणाऱ्या शाळांमधल्या कुत्र्यांवर ताण जास्त दिसला.

आता करायचं काय. सगळ्यात आधी शू-शी, कारण लोकांचा हात सुटतो तो इथेच. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोनेक तासांच्या वर धरू शकत नाही, त्यामुळे झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच उचलायचं आणि ठरलेल्या जागी न्यायचं. जागा एकच ठेवा, शब्दही एकच. शू संपली की तिथल्या तिथे, एक-दोन सेकंदांत, खाऊ द्यायचा. घरात परत आल्यावर दिलात तर त्याला वाटतं घरात आल्याचं बक्षीस मिळालं. आपल्या गोव्यातला पाऊस हा मोठा त्रास, जूनमध्ये पिल्लं आणली की ती ओल्या अंगणात पाय ठेवायलाच तयार नसतात, अशा वेळी बाल्कांवच्या, म्हणजे दारापुढच्या ओट्याच्या, कडेला नाहीतर पत्र्याखाली एका जुन्या ट्रेमध्ये माती आणि गवताचा तुकडा ठेवा, काम भागतं. घरात झालीच तर न बोलता पुसून टाका. नुसत्या फिनाईलने आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, पिल्लाच्या नाकाला तो येतोच आणि ते परत तिथेच जातं, शिवाय फिनाईलच्या लादीवरून चालून ते पाय चाटतं ते वेगळंच. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते बरं.

खाऊ म्हणजे काय फार मोठं नाही, मीठ न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा अंडं, चवळीच्या दाण्याएवढे तुकडे, आणि दिवसभरात जेवढा दिलात तेवढं जेवणातून कमी करा. सुका बांगडा दिला तर पिल्लू वेडं होईल पण त्यात मीठ भरमसाट, नको. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुका अजिबात नाही. नाताळात शेजारपाजारहून येणाऱ्या केकमध्ये मनुका असतात हे लक्षात ठेवा, टीपॉयवर डबा उघडा ठेवू नका.

चावणं. दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं, हिरड्या शिवशिवतात, ते चावणारच. दात लागले की हात झटकू नका, झटकलात की त्याला खेळ वाटतो. गप्प उभं राहा, तोंड फिरवा, अर्ध्या मिनिटाने चावायचं खेळणं पुढे करा. ओला फडका गाठ मारून फ्रीजरमध्ये ठेवून दिलात तर अजून छान. आणि संध्याकाळी पिसाटल्यासारखं पायाला डसत असेल तर नव्वद टक्के ते दमलेलं आहे असं मी तरी धरतो, ह्या वयात अठरा-वीस तास झोप लागते, कोपऱ्यात नेऊन झोपवा.

भुंकण्याचं उदाहरण म्हणून पोदेर, म्हणजे आपला पाववाला घ्या. सकाळी सायकलवरून पों पों करत आला की पिल्लू गेटवर तुटून पडतं आणि आपण आतून ओरडतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने आपणही भुंकतोय. त्याऐवजी चिकन घेऊन गेटपासून लांब, पार मागच्या पडवीत बसा. हॉर्न लांबून ऐकू आला की भुंकायच्या आधी तुकडा तोंडात, परत वाजला की परत तुकडा, हॉर्न थांबला की खाऊ बंद. रोज थोडं थोडं गेटकडे सरका. भुंकायला लागलं तर आपण फार जवळ आलो, मागे जा, बस. काही दिवसांनी पों ऐकून ते गेटकडे धावायच्या ऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतं तेव्हा जी मजा येते ती थापट मारणाऱ्याला कधी कळायची नाही.

साधारण साडेतीन महिन्यांपर्यंत जे बघितलं ते पिल्लाला नेहमीचं वाटतं, म्हणून ह्या वयात स्कूटर, छत्री, मासे विकणारी बाई, सगळं दाखवा, पण लसी पूर्ण होईपर्यंत कडेवर घेऊन. पार्वो ह्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची भीती असते, बाजारात किंवा बीचवर खाली सोडू नका. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झालं की घ्याच, गोवा 2021 मध्ये रेबीज नियंत्रित म्हणून जाहीर झाला तो कुत्र्यांना लसी टोचूनच. चतुर्थीचे फटाके आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीचा डीजे ह्यांची तयारी महिनाभर आधी करा, मोबाईलवर तोच आवाज अगदी हळू लावायचा आणि सोबत खाऊ.

हाक मारून जवळ बोलावलंत तर कधीही ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी येणार नाही. फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याची दोरी ओढली की जागीच थांबा, सैल झाली की चाला.

घरच्यांना सांभाळणं मात्र पिल्लापेक्षा कठीण. तुम्ही "बस" शिकवता, मुलगा "सिट" म्हणतो आणि आजी जेवताना टेबलाखालून पाव भरवते. आजीला अडवू नका, ती ऐकणार नाही, चिकनचा डबा तिच्याच हातात द्या आणि बसल्यावरच द्यायचं एवढं सांगा.

गुरगुरलं म्हणून मारू नका, गुरगुरणं ही सूचना आहे, ती बंद केलीत तर पुढच्या वेळी न सांगता चावेल. एकदम चिडकं झालं तर आधी व्हेटकडे, कान किंवा पोट दुखत असेल. ट्रेनर लावायचा असेल तर पैसे ठरवायच्या आधी एकच विचारा, कुत्र्याने ऐकलं नाही तर तुम्ही काय करता? उत्तरात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा "बॉस कोण ते दाखवावं लागतं" आलं की चहा पाजून पाठवून द्या.