मध्ययुगीन स्पॅनिश साहित्यातील स्त्रीविषयक प्राणिरूपके कशी वाचावीत

मृगनयना, गजगामिनी, सिंहकटी ही विशेषणे पाठ असलेल्या सांगलीतील विद्यार्थ्याला मध्ययुगीन स्पॅनिश साहित्यात स्त्रीच्या वर्णनात गाढव, घोडा, अस्वल असे प्राणी भेटले की तो लगेच स्तुती आणि निंदा अशी विभागणी करू लागतो. ती घाई करू नये. वहीत प्राण्याचे नाव लिहिण्याआधी बोलणारा कोण आहे, तो कोणत्या काव्यप्रकारात बोलतो आहे आणि त्या क्षणी कोण कोणावर अवलंबून आहे, हे टिपावे.

सुरुवात हुआन रुइसच्या ‘लिब्रो दे बुएन आमोर’ या काव्यापासून करावी; त्याच्या हस्तलिखितांत १३३० आणि १३४३ ही वर्षे आढळतात. ताब्लादा खिंडीत थंडीने गारठलेल्या निवेदकाला डोंगरात राहणारी एक राकट स्त्री भेटते. तिचे कान वर्षभराच्या गाढवाएवढे, दात घोड्यासारखे आणि पाऊल अस्वलिणीहून मोठे असल्याचे तो सांगतो. मात्र लगेच पुढे येणाऱ्या गीतात याच खिंडीतील स्त्री सुंदर आणि टवटवीत होते. हे दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचल्याशिवाय पुढे जाऊच नये. जत-आटपाडीच्या माळावर मेंढरांचा वाडा सांभाळणाऱ्या धनगर स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना उघड्या रानात ऊब आणि भाकरी ज्याच्या हाती असते त्याचे वजन काय असते हे सांगावे लागत नाही. माझ्या मते त्या अजस्र अवयवांत तिच्या रूपापेक्षा वाटसरूची असहायता अधिक मोजली गेली आहे.

त्यानंतर १२५३ मध्ये अरबीतून स्पॅनिशमध्ये आलेल्या ‘सेंदेबार’ या कथासंग्रहातील रडणाऱ्या कुत्रीची कथा घ्यावी. कुट्टणी, म्हणजे स्त्रियांना फूस लावणारी दलाल बाई, कुत्रीला मिरपूड घातलेले अन्न चारते, तिच्या डोळ्यांतून पाणी काढते आणि प्रियकराला नाकारल्यामुळे एका स्त्रीची ही अशी कुत्री झाली, असे सांगून दुसरीला घाबरवते. हीच युक्ती सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त देवस्मितेवर वापरली जाते, पण ती कपट ओळखते आणि फसवू पाहणाऱ्यांच्याच कपाळी कुत्र्याच्या पंजाची खूण डागते. दोन्ही कथा समोर असल्या की स्त्रीला कुत्री ठरवणे हे इथे कुट्टणीच्या हातचे हत्यार आहे, हे ध्यानात येते.

‘सेलेस्तिना’ (१४९९) ही संवादरूप कृती वाचताना वहीत वेगळे पान राखावे. दहाव्या अंकात नायिका मेलिबेआ आपल्या देहातले सर्प काळीज खात असल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगते. प्राणी इथे तिने स्वतः निवडला आहे, म्हणून ही नोंद पुरुषांनी केलेल्या वर्णनांच्या यादीत मिसळू नये.