मृत्युपत्र करताय? या चुका टाळा

मृत्युपत्राचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "स्टॅम्प पेपर कितीचा घ्यायचा?" मृत्युपत्राला स्टॅम्प लागतच नाही. साध्या कागदावर हाताने लिहिलेलं मृत्युपत्रही चालतं आणि नोंदणीही कायद्याने सक्तीची नाही. घोळ होतो तो साक्षीदार आणि मिळकतीचं वर्णन या दोन ठिकाणी.

साक्षीदार

1925 च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम 63 किमान दोन साक्षीदार मागतं. मृत्युपत्र करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली हवी, निदान "ही सही माझी" असं त्याने त्यांना सांगितलेलं हवं, आणि त्यांनी त्याच्यासमोर सह्या करायच्या. आधी वडिलांची सही घ्यायची आणि मग सवडीने कागद साक्षीदारांच्या घरोघरी फिरवायचा, हे सर्रास चालतं. नोटरीचा शिक्का ही उणीव भरून काढत नाही. उद्या वाद कोर्टात गेला तर हयात असलेल्या एका साक्षीदाराला तरी साक्ष द्यावी लागते, म्हणून वडिलांचे समवयस्क मित्र नकोत; वयाने लहान, सहज सापडणारी माणसं निवडा. ज्याला मिळकत मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको. मृत्युपत्र करणाऱ्याचं वय झालेलं असेल तर सहीच्याच दिवसाचा, त्याची मानसिक स्थिती ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडा.

नोंदणी मात्र करावीच, असं माझं ठाम मत आहे. पण नंतर साध्या कागदावर रीतसर केलेलं मृत्युपत्र आधीच्या नोंदणीकृत मृत्युपत्रालाही मागे टाकतं. नव्या कागदात तारीख आणि "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" हे वाक्य हवंच.

"मळ्याची जमीन थोरल्याला"

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदार घरांत भांडणाचं मूळ बहुतेक अशाच एका ओळीत असतं. कोणता गट? किती आर? विहीर एका गटात, मोटरचं वीज कनेक्शन दुसऱ्याच्या नावावर, पाइपलाइन तिसऱ्या बांधावरून, आणि धाकट्याच्या बागेला जायची वाट थोरल्याच्या हिश्श्यातून. मृत्युपत्रात यातलं काहीच नसतं. मग पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात. सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, विहिरीतला हिस्सा, पाण्याची पाळी, वहिवाटीचा रस्ता, सगळं लिहा. शहरातल्या फ्लॅटसाठी सिटी सर्व्हे नंबर, सोसायटीचं नाव, फ्लॅट नंबर, पार्किंग.

आणि वडिलोपार्जित जमीन अख्खी वाटू नका. मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलगीही जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार आहे. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हे पक्कं केलं. बहिणींची नावं गाळून केलेली वाटणी टिकेल या भरवशावर राहू नका.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

बँकेतला किंवा सोसायटीतला नॉमिनी सहसा फक्त सांभाळणारा असतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्राप्रमाणे. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात 2015 पासून आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच. तेव्हा नॉमिनेशन आणि मृत्युपत्र एकमेकांशी जुळवून घ्या.

अमेरिकेतला मुलगा आणि लिव्हिंग ट्रस्ट

परदेशातली मुलं फोनवर सांगतात, "बाबा, लिव्हिंग ट्रस्ट करा." म्हणजे हयातीतच मिळकत ट्रस्टच्या नावावर करून ठेवायची. तिकडे तो मुख्यतः प्रोबेटचा (मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या शिक्कामोर्तबाचा) खर्च आणि वेळ वाचवायला करतात. नाशिकच्या मिळकतीला प्रोबेट सक्तीचंच नाही, त्यामुळे मोठा फायदा इथे उरत नाही. उलट घर-जमीन ट्रस्टकडे द्यायची तर 1882 च्या ट्रस्ट कायद्याप्रमाणे नोंदणीकृत दस्त लागतो, शिवाय मुद्रांक शुल्क, आणि शेतजमिनीला कूळकायद्याच्या अडचणी. मात्र घरात मतिमंद किंवा कायम आधार लागणारं मूल असेल, तर खासगी ट्रस्टचा विचार खरोखर करा. आपल्यामागे त्याचा महिन्याचा खर्च कोण आणि कसा देणार, हे त्यात नीट बांधून ठेवता येतं.

मृत्युपत्र असलं तरी सातबारा आपोआप बदलत नाही. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवून फेरफार करून घ्यावा लागतो. मूळ कागद फक्त स्वतःच्या नावावरच्या लॉकरमध्ये ठेवू नका. तो उघडतानाच घरच्यांची अडचण होते. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे वाटणी अमलात आणणारा माणूस, नेमा, त्याला आधी विचारा, आणि मूळ प्रत कुठे आहे ते त्याला आज सांगा.