कंपनीला कर्ज किती टक्क्यांनी पडतं, ते असं काढा

शेअर घेण्याआधी बहुतेक जण कंपनीवर कर्ज किती आहे ते पाहतात. ते किती महाग आहे, हे काढणारे थोडे. वार्षिक अहवाल आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर हे काम होतं. फक्त बँका आणि एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या वित्त कंपन्या, यातून वगळा. व्याज हाच त्यांचा कच्चा माल, त्यामुळे त्यांचं गणित वेगळं.

आधी एकत्रित, म्हणजे उपकंपन्या धरून केलेलं नफा-तोटा पत्रक उघडा आणि ‘फायनान्स कॉस्ट’ ही ओळ शोधा. तिच्यापुढे टीप क्रमांक असतो, त्या टीपेवर जा. कर्जावरचं व्याज, इतर शुल्कं, भाडेकरारावरचं व्याज अशी फोड तिथे मिळते. भाडेकराराचा आकडा बाजूला काढा. 2019-20 पासून तो इथे येतो, आणि दुकानं किंवा विमानं भाड्याने घेणाऱ्या कंपनीत चांगलाच मोठा असतो.

आता खरी मेख. कारखाना उभा राहत असताना त्यासाठीच्या कर्जाचं व्याज नफ्यातून वजा होत नाही, ते मालमत्तेच्या किमतीत मिळवलं जातं. इंड एएस 23 हे लेखामानकच तसं सांगतं, त्यात लबाडी नाही. पण वाचणारा गाफील राहतो. हा आकडा बहुधा त्याच टीपेत ‘वजा: भांडवली केलेलं व्याज’ अशा अर्थाच्या ओळीत असतो. तो परत मिळवा.

समजा, फायनान्स कॉस्ट 100 कोटी, त्यात भाडेकराराचे 10 कोटी, आणि भांडवली केलेलं व्याज 60 कोटी. म्हणजे कर्जाचं खरं व्याज 150 कोटी. सरासरी कर्ज 1,500 कोटी असेल तर दर 10 टक्के. नुसते 90 कोटी धरले असते तर 6 टक्के आला असता! व्याज आणि कर याआधीचा नफा 300 कोटी असेल, तर पत्रकातल्या 100 कोटींच्या तिप्पट म्हणून कंपनी निवांत वाटते. पण भांडवली केलेले 60 कोटी मिळवून होणाऱ्या 160 कोटींशी ताडून पाहिलं की जेमतेम 1.9 पट उरते.

सरासरी काढताना दोन मार्चअखेरींवर विसंबू नका, सप्टेंबरचा ताळेबंदही घ्या. साखर कंपन्यांत तर हे हवंच. मार्चमध्ये गोदामं भरलेली आणि खेळत्या भांडवलासाठीचं कर्ज उचललेलं असतं. तेवढेच आकडे धरले तर कर्ज फुगतं आणि दर उगाच स्वस्त दिसतो.

मग रोखप्रवाह पत्रकात ‘व्याज दिलं’ ही ओळ पाहा. खर्चात मोठं व्याज आणि हातून गेलेली रक्कम लहान, असं दिसलं तर कारण शोधा. व्होडाफोन आयडियाचं उदाहरण घ्या. सरकारी देण्यांना मुदत मिळाली, व्याज साचत गेलं, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्यातल्या 16,133 कोटींच्या बदल्यात सरकारला शेअर दिले गेले. रोकड वाचली, पण जुन्या भागधारकांचा वाटा आटला.

शेवटी व्याजदर जोखमीची टीप वाचा. कर्ज बदलत्या दराचं किती, आणि दर अर्धा किंवा एक टक्का हलला तर नफा किती हलेल, हे कंपनी तिथे स्वतःच लिहिते. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला होता. तेवढीच वाढ पुन्हा झाली तर काय, हा हिशेब त्या टीपेवरून लगेच मांडता येतो.