क्रोमच्या खाचांमधील जुना रंग काढून नवा भरताना

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले आणि प्रीमियर पद्मिनी तर त्याच्या कितीतरी आधीच बंद झाली. त्यामुळे या गाड्यांचा मोनोग्राम (नावाची धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी) किंवा व्हीलकॅप एकदा बिघडली, की तिची जोड शोधण्यात महिने जातात. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीचा क्रोम पुष्कळदा शाबूत असतो, पण त्याच्या खाचांत भरलेला काळा किंवा लाल रंग फिका पडून तडकतो आणि त्याचे पापुद्रे सुटू लागतात. हा रंग घरी बदलता येतो. मात्र भरण्यापेक्षा काढण्याला अधिक वेळ द्यावा लागतो, आणि बहुतेक नुकसान होते तेही काढतानाच.

याचे कारण मुलाम्याच्या रचनेत आहे. शोभेसाठी चढवलेला क्रोमचा थर सहसा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि त्याच्या खाली निकलचा जाड थर असतो. संडास स्वच्छ करण्याच्या अ‍ॅसिडमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि ते क्रोम विरघळवते. अशा अ‍ॅसिडने ‘साफ’ केलेला एक बंपर मी पाहिला आहे: निळसर झळाळी जाऊन निकलची पिवळट छटा उघडी पडली होती. ती झळाळी परत आणायची, तर भाग प्लेटिंगवाल्याकडेच द्यावा लागतो.

म्हणून आधी भाग कशाचा आहे ते ठरवावे. लोहचुंबक चिकटला तर लोखंडी पत्रा. चिकटला नाही पण भाग हाताला जड लागला तर बहुधा जस्ताचा ओतीव भाग. आणि हलका, टिचकी मारल्यावर बद्द वाजणारा असेल तर प्लास्टिक. प्लास्टिकवर थिनर, अ‍ॅसिटोन किंवा पेंट रिमूव्हर अजिबात वापरू नये. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची पट्टीही क्रोमसारखीच दिसते. तिला कॉस्टिक सोडा लागला तर ती कायमची काळवंडते.

भाग शक्यतो गाडीवरून उतरवून घ्यावा, कोणता रंग कुठे आहे याचे छायाचित्र काढावे आणि भांड्यांच्या साबणाने तो स्वच्छ धुवावा. धातूच्या भागावर आधी आतल्या, न दिसणाऱ्या कडेला थिनर लावून पाहावे. काही बिघडले नाही, तर थिनरमध्ये भिजवलेला कापूस खाचेत दाबून दहा मिनिटे ठेवावा आणि मऊ झालेला रंग बांबूच्या टोकदार काडीने उकरावा. पाते, स्क्रू-ड्रायव्हर किंवा तारेचा ब्रश मुळीच नको. ओरखडा एकदा पडला की तिथूनच पुढे गंज शिरतो. हट्टी रंगासाठी जेलसारखा पेंट रिमूव्हर घ्यावा, पण हातमोजे घालून आणि गच्चीवर किंवा अंगणात, बंद खोलीत नव्हे. प्लास्टिकच्या भागावरचा रंग कोमट साबणाच्या पाण्यात भिजवून, काडीने जेवढा सुटेल तेवढाच काढावा.

क्रोम गुळगुळीत असल्यामुळे त्यावर रंगाला धरायला जागाच मिळत नाही. त्यासाठी 600 नंबरचा वॉटर पेपर काडीच्या टोकाला गुंडाळून, पाण्यासह, फक्त खाचेचा तळ घासावा. नंतर अल्कोहोलने पुसून एच (etch) प्रायमरचा, म्हणजे गुळगुळीत धातूला घट्ट धरणाऱ्या अस्तराचा, अगदी पातळ हात द्यावा. प्लास्टिकसाठी प्लास्टिक प्रायमर वेगळा मिळतो. इतवारी बाजारात रंग घेतानाच तो ऑइल इनॅमल असल्याची खात्री करावी. तो हळू वाळतो, आणि इथे तेच आपल्याला हवे असते.

अक्षरांच्या बारीक खाचांत मास्किंग टेप लावत बसण्यापेक्षा भरून पुसण्याची पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. शून्य नंबरच्या ब्रशने रंगाचा थेंब खाचेत सोडावा, तो आपोआप कोपऱ्यांपर्यंत पसरतो. वरच्या कडांना रंग लागला तरी घाबरू नये. साधारण दहा-पंधरा मिनिटांनी रंग किंचित बसला, की जुन्या सुती धोतराचा तुकडा सपाट खोडरबरावर ताणून धरावा, त्याला टर्पेंटाइनचा नुसता ओलसर हात लावावा आणि उंच भागावरून एकाच दिशेने हलकेच फिरवावा. प्रत्येक फटक्याला कापडाची कोरी बाजू घ्यावी. कापड सैल राहिले, तर ते खाचेत उतरून भरलेला रंग उचलते. दुसरा हात पहिला पूर्ण वाळल्यावरच द्यावा. व्हीलकॅपवरील रुंद पट्ट्यांना मात्र टेप लागतोच. रंग पुरता कडक होण्याआधी टेप रंगापासून दूर ओढत काढला की कड स्वच्छ येते.

नागपुरात हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करणे सर्वांत सोयीचे. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जातो तेव्हा रंग पसरण्याआधीच त्यावर साय धरते. तेव्हा करणे भागच असेल, तर पहाटे, सावलीत आणि कूलर बंद ठेवून करावे, कारण वाळ्याच्या ताट्यांतून येणारी दमट हवा ओल्या रंगाची चकाकी घालवते. पावसाळ्यातही हीच अडचण येते.

भरलेला भाग आठवडाभर धूळ लागणार नाही अशा जागी ठेवावा आणि मगच गाडीवर चढवावा. त्यानंतर क्रोमला मेण लावताना ते खाचेत जाऊ देऊ नये. गेलेच, तर वाळण्याआधी मऊ ब्रशने काढावे, नाहीतर काळ्या रंगावर पांढरी रेघ उमटते.