सिनॅप्स नव्या मशीनवर हलवण्याआधी

मॅट्रिक्स या खुल्या चॅट-जाळ्याचा स्वतःचा सर्व्हर सिनॅप्स या सॉफ्टवेअरवर चालवणाऱ्यांसाठी हे लिहितोय, तेही मागच्या खेपेला मीच घातलेल्या घोळावरून. आमचा कारभार साधा: डेबियन लिनक्सचं पॅकेज, डेटाबेस पोस्टग्रेस, माणसं पन्नासच्या आत.

बॅकअप घ्या हे सांगायला नको. नव्या डिस्कवर जागा किती ते बघा. डीएनएसचा टीटीएल, म्हणजे तुमचा जुना पत्ता इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा, आदल्या दिवशीच 300 सेकंदांवर आणा.

आता साइनिंग की, म्हणजे सर्व्हरची सही करायची किल्ली. होमसर्व्हर डॉट यामल ही कॉन्फिग फाईल जिथे असते त्याच फोल्डरात होमसर्व्हर डॉट साइनिंग डॉट की नावाची फाईल पडलेली असते. उघडली तर आत एकच ओळ: ईडी25519 हे सहीच्या पद्धतीचं नाव, मग किल्लीचं चार-सहा अक्षरी नाव, मग अगम्य अक्षरांची माळ. तुमच्या सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर हिचीच सही असते. ती डेटाबेसमध्ये नसते. पुन्हा सांगतो, पीजी-डम्पमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसच्या बॅकअपमध्ये, ती येत नाही. माझी स्क्रिप्ट रोज रात्री इमानेइतबारे पीजी-डम्प घ्यायची आणि मी निवांत झोपायचो.

खरी मेख पुढे आहे. किल्ली सापडली नाही तर डेबियनची सर्व्हिस ओरडत नाही, गुपचूप नवी बनवते. लॉग स्वच्छ, इतर सर्व्हरांशी जोडणी तपासणारा फेडरेशन टेस्टर हिरवा, आमची मंडळी मजेत गप्पा मारतायत. चौथ्या दिवशी दुसऱ्या सर्व्हरवरचा एक नवा सदस्य आमच्या जुन्या रूममध्ये आला, आणि त्याच्या सर्व्हरला आमच्या जुन्या संदेशांवरच्या सह्या पटेनात. जुनी पब्लिक की, म्हणजे सही पडताळायचा किल्लीचा उघड भाग, कुणाकडे शिल्लक असेल तर कॉन्फिगमध्ये ओल्ड साइनिंग कीजखाली ती जाहीर करता येते. सही करणारा खाजगी भाग मात्र गेला तो गेलाच. तेव्हा ती एका ओळीची फाईल आत्ता कॉपी करा, एक प्रत मशीनबाहेर ठेवा, आणि हलवल्यावर दोन्हीकडची किल्लीची नावं जुळतात का ते डोळ्यांनी बघा. टेस्टरच्या हिरव्या रंगावर जाऊ नका.

सर्व्हर नेम, म्हणजे कॉन्फिगमधलं सर्व्हरचं नाव, बदलायचा मोह आवरा. प्रत्येक युजर आयडीत तो कोरलेला आहे, बदलता येत नाही.

नवा डेटाबेस बनवताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-8 आणि कोलेशन (अक्षरांचा क्रम लावायचा नियम) सी. त्याजागी नेहमीचं इंग्रजी लोकेल (भाषेची सेटिंग) राहिलं तर सिनॅप्स सुरूच होत नाही. हे निदान तोंडावर सांगतं, किल्लीसारखं दगा देत नाही. डम्प घेताना ई-टू-ई वन टाइम कीजच्या, म्हणजे एन्क्रिप्टेड गप्पांसाठी एकदाच वापरायच्या किल्ल्यांच्या, टेबलातला डेटा वगळा. वापरून झालेल्या किल्ल्या परत आल्या की लोकांना 'मेसेज उघडत नाही' दिसू लागतं, आणि फोन तुम्हाला येतात.

हलवणं आणि व्हर्जन वाढवणं एकाच रात्री करू नका. स्कीमा, म्हणजे डेटाबेसची रचना, पुढे गेली की मागे येता येईलच असं नाही. अपग्रेड नोट्स मधल्या सगळ्या व्हर्जनांच्या वाचायच्या, फक्त शेवटच्या नाही. 2023 च्या अखेरीस सिनॅप्सचा कोड एलिमेंट या कंपनीच्या रिपॉझिटरीत गेला आणि लायसन्स एजीपीएल झालं, त्यामुळे जुन्या पत्त्यावर नवं रिलीज शोधत बसू नका.

मीडिया स्टोअर (लोकांनी पाठवलेले फोटो, फाईली) आरसिंक या कॉपी करायच्या टूलने. इतर सर्व्हरांना तुम्ही सापडावं म्हणून 8448 पोर्ट किंवा वेल-नोन फाईल. सर्टिफिकेट. कॉल पोचवायला टर्न सर्व्हर. झालं.

जुन्या मशीनवरचा सिनॅप्स नुसता थांबवू नका, डिसेबल करा, नाहीतर रीबूटनंतर दोघे आपापल्या डेटाबेसवर एकाच नावाने बोलू लागतील. आणि ते मशीन महिनाभर तरी ठेवा. मी भाडं वाचवायला दुसऱ्याच दिवशी पुसून टाकलं होतं, किल्लीसकट.