घड्याळ ३७ सेकंद पुढे का? लिनक्सवर पीटीपी बसवताना या चुका टाळा

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरचं मॉड्यूल लोड झालं की काम झालं, असं धरून पुढे जाऊ नका. पीटीपीची (प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल, म्हणजे नेटवर्कवरून मशीनची घड्याळं अचूक जुळवण्याची पद्धत) खरी भानगड त्यानंतर सुरू होते.

आधी इन्स्टॉलेशनचं उरकू. कर्नल अपडेट करून मशीन रीबूट केलं नसेल, तर हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइल्स) नव्या कर्नलचे आणि चालतोय जुना, असा घोळ होतो आणि डीकेएमएसचा, म्हणजे कर्नलनुसार मॉड्यूल बांधून देणाऱ्या साधनाचा, बिल्ड फसतो. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आलं तर मॉड्यूलवर सही नाही किंवा सहीची की सिक्युअर बूटला (फक्त विश्वासू सहीचा कोड चालू देणाऱ्या सुरक्षेला) ओळखीची नाही. सिक्युअर बूटच बंद करा, हा सल्ला सर्रास मिळतो. त्यापेक्षा मोकयुटिल या कमांडने की नोंदवा. मात्र रीबूटनंतर की मंजूर करायला येणारा निळा पडदा दहा सेकंदच थांबतो, सर्व्हर दूर असेल तर कन्सोल उघडून बसा.

मग नेटवर्क कार्डाची माहिती देणाऱ्या इथटूल कमांडला कॅपिटल टी (-T) देऊन पाहा. 'पीटीपी हार्डवेअर क्लॉक' समोर 'नन' असेल, तर कार्डात घड्याळ नाही किंवा या ड्रायव्हरला ते दिसत नाही. कॉन्फिगरेशनशी झटापट करण्यात अर्थ नाही.

आता ३७ सेकंद. पीटीपी साधारणपणे टीएआय (लीप सेकंद न धरणारी अणुघड्याळांची) वेळ वाटतो, सिस्टिमचं घड्याळ यूटीसीवर (लीप सेकंद धरणाऱ्या जागतिक वेळेवर) चालतं आणि १ जानेवारी २०१७ पासून दोघांत ३७ सेकंदांचा फरक आहे. कार्डाच्या घड्याळावरून सिस्टिमचं घड्याळ लावणाऱ्या पीएचसी-टू-सिसला (phc2sys) कॅपिटल ओ (-O) देऊन हाताने शून्य ऑफसेट (दोन घड्याळांतला फरक) दिलात, की सिस्टिम तेवढीच पुढे पळते. द्यायचं असतं उणे ३७. चिन्ह चुकलं तर फरक थेट ७४ सेकंद! आकडा हाताने देऊच नका. स्मॉल डब्ल्यू (-w) वापरा, म्हणजे पीएचसी-टू-सिस हा पीटीपी-फोर-एल (ptp4l, पीटीपी चालवणारा प्रोग्रॅम) सिंक होईपर्यंत थांबतो आणि ऑफसेट त्याच्याकडूनच घेतो.

ऑफसेट सारखा मागेपुढे होतोय? क्रोनी किंवा टाइमसिंकडी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ लावणारी सेवा, चालू राहिलं असणार. एकाच घड्याळाला ती आणि पीएचसी-टू-सिस असे दोघे ओढतायत. एकाला बंद करा.

मास्टर, म्हणजे नेटवर्कला वेळ देणारं मशीन, सापडतच नसेल तर फायरवॉलमध्ये यूडीपी पोर्ट ३१९ आणि ३२० उघडा. नाहीतर थोडी वाट पाहून तुमचंच मशीन मास्टर होऊन बसतं आणि लॉग पाहून सगळं सुरळीत वाटतं.

'टीएक्स टाइमस्टॅम्प'ची (पॅकेट पाठवल्याच्या वेळेच्या नोंदीची) वाट पाहून थकल्याचा संदेश पीटीपी-फोर-एलकडून आला तर त्याच्या सेटिंगमधला टीएक्स टाइमस्टॅम्प टाइमआउट (tx_timestamp_timeout) वाढवा. तोच संदेश पुढे म्हणतो की दोष बहुधा ड्रायव्हरचा आहे. वाढवूनही थांबला नाही, तर ड्रायव्हरची आवृत्ती बदलून पाहा.